जळजळ आहे की जडपणा: आम्लपित्त आणि अजीर्णावर घरी काय करावे

इंदूरच्या मराठी घरांत पोटाची तक्रार झाली की पहिल्यांदा मसाल्याचा डबा उघडतो. ओवा, हिंग, काळे मीठ, सुंठ, नाहीतर ओट्याच्या कोपऱ्यातला खाण्याचा सोडा, यांपैकी जे हाताला लागेल ते कोमट पाण्याबरोबर दिले जाते. बऱ्याच वेळा त्याने बरेही वाटते, म्हणून ती सवय टिकून आहे. माझ्याही हाताला ती होती, आणि ती मोडली दोन हिवाळ्यांपूर्वीच्या एका रात्री.

माझे धाकटे दीर पुण्याहून आले होते. घरी पोटभर जेवण झालेले असताना ते रात्री अकराच्या पुढे मित्रांबरोबर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गेले. थंडीचे दिवस म्हणून गराडू, म्हणजे तळलेला कंद, झाले, मग भुट्ट्याचा कीस, आणि शेवटी जिलबी-रबडी. दीड वाजता त्यांच्या छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. मी ओवा चावायला दिला आणि वर काळे मीठ घातलेले गरम पाणी प्यायला लावले. अर्ध्या तासात जळजळ घशापर्यंत चढली, तोंडात आंबट पाणी येऊ लागले, आणि पहाटेपर्यंत ते पलंगावर उशीला टेकून बसून राहिले. सकाळी आमच्या नेहमीच्या वृद्ध वैद्यांनी नाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "ढेकर आला की तोंडाला चव काय लागते?" दिरांनी सांगितले, आंबट, आणि मागाहून कडू. त्यावर वैद्य माझ्याकडे वळून म्हणाले, "मग ओवा कशाला दिलात, वहिनी? ओवा गारठलेल्या पोटाला द्यायचा. हे पोट तापलेले आहे."

तेव्हापासून त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय मी घरात कोणालाही काही देत नाही, आणि दुसऱ्यांनीही देऊ नये असे मला मनापासून वाटते.

आधी तक्रार ओळखावी

आपण बोलताना 'ॲसिडिटी झाली' असे सरसकट म्हणतो, आणि त्या एका शब्दात किमान दोन अगदी वेगळ्या अवस्था येतात. माधवनिदान या आयुर्वेदातल्या रोगनिदानाच्या ग्रंथात आम्लपित्ताची जी लक्षणे दिली आहेत त्यांत अन्न न पचणे, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, छातीत आणि घशात जळजळ आणि तोंडाची चव जाणे ही प्रमुख आहेत. यांपैकी जळजळ आणि कडू-आंबट ढेकर असतील तर पित्ताचा उष्ण, तीक्ष्ण आणि आंबट गुण वाढलेला आहे असे समजावे. याउलट पोट दगडासारखे जड आहे, भूक लागत नाही, जिभेवर पांढरा थर आहे, ढेकर येतो पण त्याला जेवलेल्या अन्नाचाच वास येतो आणि जळजळ मुळीच नाही, अशी स्थिती असेल तर अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद झाला आहे आणि अन्न कच्चे पडून आहे.

सुश्रुतांनी अजीर्णाचे भेद याच धर्तीवर केले आहेत. अन्न कच्चे राहिले तर आमाजीर्ण. त्यात कफ मुख्य असतो. अन्न अर्धवट पचून आंबले तर विदग्धाजीर्ण. त्यात धुरकट आंबट ढेकर, तहान, घाम आणि दाह असतो, आणि पित्त मुख्य असते. वाताने अन्न अडून राहिले, पोट फुगले, कळ येऊ लागली आणि खालून वारा सरत नाही असे झाले तर विष्टब्धाजीर्ण. चौथा प्रकार रसशेषाजीर्णाचा. त्यात ढेकर शुद्ध येतो, तरी अन्न नकोसे वाटते आणि छाती भरल्यासारखी वाटत राहते. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी आपल्यापैकी अनेकांना हाच त्रास होत असतो, आणि घरची मंडळी आग्रहाने 'थोडेसे तरी खा' म्हणत असतात.

आजच्या वैद्यकाच्या भाषेतही हा फरक समजून घेता येतो. जठरातले आम्ल तीव्र असते आणि जठराचे अस्तर ते सहन करू शकते, पण अन्ननलिकेचे अस्तर करू शकत नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक झडप आहे. ती सैल पडली, किंवा पोट गच्च भरल्यामुळे खालून दाब वाढला, की आम्ल वर येते आणि छातीत जळजळ होते. तेलकट-तुपकट अन्न जठरात जास्त वेळ राहते, म्हणून गराडूसारख्या तळलेल्या पदार्थानंतर लगेच आडवे झाले की हा त्रास हमखास होतो. पोट फुगणे आणि जड राहणे यात आम्ल वर येतेच असे नाही. तिथे अन्न पुढे सरकण्याची गती आणि वायू यांचा प्रश्न असतो.

पहिले दोन दिवस

कोणत्याही प्रकारच्या अजीर्णात पहिली गोष्ट म्हणजे पुढचे जेवण पुढे ढकलणे. ग्रंथांत याला लंघन म्हटले आहे, पण त्याचा अर्थ दिवसभर कडकडीत उपाशी राहणे असा घेऊ नये, कारण पित्त वाढलेल्या माणसाने रिकाम्या पोटी राहिले तर जळजळ आणखी वाढते. जडपणा असेल तर खरी भूक लागेपर्यंत एक किंवा दोन जेवणे गाळावीत आणि कोमट पाणी थोडे थोडे प्यावे. जळजळ असेल तर जेवण गाळण्याऐवजी हलके करावे, आणि त्यासाठी साळीच्या लाह्यांसारखा दुसरा पदार्थ मला माहीत नाही.

लाह्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इंदुरात पोह्यांचे राज्य असल्यामुळे त्या विसरल्या गेल्या आहेत. पोहे आणि लाह्या एकाच साळीच्या. साळ भिजवून, भाजून, कुटून चपटी केली की पोहे होतात. तीच साळ तापलेल्या वाळूत फुलवली की लाह्या. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात पोह्यांना जड, बल देणारे आणि पोटात अडून राहणारे म्हटले आहे, तर लाह्यांना हलक्या, थंड, अग्नी वाढवणाऱ्या आणि पित्त शमवणाऱ्या म्हटले आहे. आजारी माणसाला 'काहीतरी हलके' म्हणून आपण पोहे करून देतो, तिथे लाह्या द्यायला हव्यात. दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी बाजारात त्या 'खील' या नावाने ढिगांनी येतात. एरवी पूजासाहित्याच्या दुकानात मागाव्यात. विकत आणलेल्या लाह्यांत साळीची टोकदार टरफले राहिलेली असतात. ताटात पसरून ती एकेक निवडून काढावीत, नाहीतर पेज गाळल्यावरही घशाला टोचते.

पेजेचे प्रमाण वाटीने घेऊ नये, कारण लाह्या फार हलक्या असतात. वजनाने एकास चौदा असे मंडाचे, म्हणजे गाळलेल्या पेजेचे, प्रमाण आहे. म्हणजे २० ग्रॅम लाह्या, ज्या साधारण दोन मोठ्या ओंजळी भरतात, आणि २८० मिलीलीटर पाणी. पाणी उकळले की लाह्या घालाव्यात. क्षणात त्या आवळतात आणि भांडे रिकामे झाल्यासारखे दिसते. मग मंद आचेवर सहा-सात मिनिटांत त्या विरघळून पाण्याला दुधाळ रंग आणि किंचित दाटपणा येतो. जाड गाळणीतून गाळून कोमट द्यावी. जळजळ असेल तर तिच्यात चिमूटभर खडीसाखर, आणि जडपणा असेल तर सैंधव व सुंठीची चिमूट. पातेले एकच, पण शेवटी काय घालायचे ते ढेकराची चव विचारूनच ठरवावे.

धण्यांचेही असेच आहे. जळजळीसाठी धान्यकहिम करतात. धणे भरडून सहापट पाण्यात, म्हणजे २० ग्रॅम धण्यांना १२० मिलीलीटर पाण्यात, रात्रभर झाकून ठेवावेत, सकाळी हाताने चुरून गाळावेत आणि खडीसाखर घालून प्यावे. यात उकळणे अजिबात नाही. थंडपणा टिकावा म्हणूनच तो 'हिम'. धणे ताजे असतील तर गाळलेल्या पाण्याला फिकट सोनेरी रंग येतो आणि वास किंचित लिंबाच्या सालीसारखा येतो. पाणी निर्वास असेल तर धणे जुने आहेत. तेच धणे सुंठीबरोबर उकळून काढा केला तर तो आमाजीर्णाला, म्हणजे जडपणाला, उपयोगी पडतो. रात्रभर भिजलेले धणे सकाळी घाईने उकळून ठेवले आणि 'गुण आला नाही' म्हटले, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पोट फुगले असेल आणि कळ येत असेल तर शेक द्यावा. सुश्रुतांनी विष्टब्धाजीर्णाला स्वेदन सांगितले आहे. तव्यावर गरम केलेल्या सुती कापडाने बेंबीच्या भोवती शेकावे, आणि लहान मुलांना हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावण्याची आपली जुनी रीतही याच समजुतीतली आहे. मात्र कळ उजव्या कुशीत खाली स्थिर झाली असेल, हात लावू देत नसेल किंवा सोबत ताप असेल तर शेकत बसू नये. ते अपेंडिक्सही असू शकते.

विदग्धाजीर्णात ग्रंथांनी वमन, म्हणजे औषधाने उलटी करवणे, सांगितले आहे. ते वैद्यांच्या देखरेखीखाली करायचे कर्म आहे. घरी मीठपाणी पिऊन घशात बोटे घालणे म्हणजे वमन नव्हे; त्याने आधीच भाजलेल्या घशावरून आम्ल पुन्हा एकदा वर येते.

ताक, दूध, आवळा आणि सोडा

घरगुती उपायांत सर्वांत जास्त घोळ या चार गोष्टींबद्दल होतो. ताकाची आयुर्वेदात फार स्तुती आहे, आणि मंदाग्नीला जिरेपूड-सैंधव घातलेले, लोणी काढलेले गोडसर ताक दुपारच्या जेवणानंतर अतिशय चांगले. परंतु दाह असलेल्याला, चक्कर येणाऱ्याला, रक्तपित्ताच्या (नाक-तोंडातून रक्त जाण्याच्या) रोग्याला आणि उन्हाच्या दिवसांत ते देऊ नये, असेही त्याच ग्रंथांत स्पष्ट म्हटले आहे. वैशाखात जळजळ होत असताना आंबट ताकाचे पेलेच्या पेले पिणे हा म्हणून उपाय होत नाही. दही तर रात्री निषिद्धच मानले आहे.

गार दूध घेतले की जळजळ लगेच शमते, हा अनुभव खरा आहे. काही वेळाने दुधातल्या प्रथिनांमुळे आणि स्निग्धतेमुळे जठरात पुन्हा आम्ल सुटते, हेही तितकेच खरे. म्हणून रात्री झोपताना पेलाभर दूध पिऊन आडवे होण्यापेक्षा, गरज असल्यास संध्याकाळी अर्धी वाटी, साय काढलेले आणि एकट्याने घ्यावे. एकट्याने म्हणजे खारट-आंबट पदार्थांबरोबर नव्हे. इंदुरी शिकंजी ही लिंबाची नसून आटवलेल्या दुधाची असते हे बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाऊक नसते; तिखट चाटवर ती प्यायली की पोटाला दुप्पट काम पडते.

आंबट पदार्थ पित्त वाढवतात, हा सर्वसाधारण नियम आहे. त्याला आवळा आणि डाळिंब हे अपवाद सांगितले आहेत. आवळा जिभेला आंबट-तुरट असला तरी पचनानंतर गोड परिणाम करतो आणि वीर्याने, म्हणजे अंगच्या प्रभावाने, थंड आहे. सकाळी उपाशीपोटी आवळ्याचे अर्धा चमचा चूर्ण साध्या पाण्याबरोबर घेणे बहुतेकांना मानवते. पण मीठ लावून वाळवलेला आवळा किंवा तिखट लोणचे म्हणजे तो आवळा नव्हे. आपल्या इंदुरी पोह्यांवर डाळिंबाचे दाणे घालतात, ही मला फार शहाणपणाची रीत वाटते. ज्याला जळजळीचा त्रास आहे त्याने पोह्यांवर लिंबू पिळण्याऐवजी दाणे वाढवावेत, फोडणीतली बडीशेप तशीच ठेवावी, आणि शेव व जिरावन काढून टाकावे. जिरावनातले आमचूर, लाल मिरची आणि काळे मीठ ही तिन्ही पित्ताला चेतवणारी आहेत. पोह्यांबरोबरची जिलबी आंबवलेल्या मैद्याची आणि तळलेली असते, तेव्हा ती आठवड्यातून एखाद्या दिवसापुरती ठेवावी. पोहे स्वतः जड असल्यामुळे एक वाटीवर थांबावे, आणि चहा त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्याआधी उपाशीपोटी घेऊ नये.

सोड्याबद्दल थोडक्यात. तो आम्लाला तत्काळ मारतो, त्यातून वायू सुटतो, मोठा ढेकर येतो आणि हलके वाटते. पण त्यात सोडियम भरपूर असल्याने रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो टाळावा, आणि इतरांनीही त्याची सवय करू नये. पुदिन्याचाही इथेच उल्लेख करते: पोट फुगलेल्याला तो बरा वाटतो, परंतु अन्ननलिकेची झडप तो सैल करतो, म्हणून छातीतल्या जळजळीत पुदिन्याच्या गोळ्या चघळू नयेत.

वेळ, मात्रा आणि जेवणानंतरची अर्धी घटका

औषधांपेक्षा या भागाने अधिक लोक बरे होतात, असे माझे निरीक्षण आहे, आणि याच भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे याला अध्यशन म्हणतात. दिरांचे त्या रात्री नेमके हेच झाले होते. सराफ्यात जाऊच नये असे मी म्हणणार नाही; सोन्याचांदीची दुकाने मिटून त्या ओट्यांवर रात्री खाण्याचा बाजार भरतो, ही आपल्या गावाची शोभा आहे. मात्र जायचे असेल तर घरी जेवून मग जाऊ नये. गाड्या लागल्या की लवकर जावे, तेच रात्रीचे जेवण समजावे, तळलेला एकच पदार्थ घ्यावा, आणि झोपण्यापूर्वी तीन तास मोकळे राहतील असा हिशेब धरावा.

आधीचे पचले की नाही हे घड्याळाने ठरत नाही. शुद्ध ढेकर, शरीरात हलकेपणा आणि उत्साह, मलमूत्राची वेळेवर प्रवृत्ती, आणि खरी भूक-तहान ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. मात्रेबद्दल अष्टांगहृदयात सोपे माप आहे: पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन अन्नाने भरावेत, एक पातळ पदार्थांनी, आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा. दाल-बाफल्याच्या पंगतीत हे माप पाळणे किती कठीण ते मी जाणते. बाफला आधी उकडलेला, मग भाजलेला आणि वर तुपात बुडवलेला असतो, आणि नंतर लाडू येतो. त्या दिवशी एक बाफला कमी घ्यावा, डाळ जास्त घ्यावी आणि रात्री काहीही खाऊ नये. दुसऱ्या दिवशीचा रसशेष बऱ्याच अंशी टळतो.

जेवणानंतर शतपावली आणि वामकुक्षी हे दोन शब्द आपल्या घरांत रोज उच्चारले जातात. शतपावली म्हणजे शंभर पावले, सावकाश. तरातरा चालायला जाणे नव्हे. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर पडणे. तिचा अर्थ आता 'दुपारची झोप' असा होऊन बसला आहे आणि लोक उजव्या कुशीवर किंवा पालथे तास-दीड तास झोपतात. वस्तुतः ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपणे आयुर्वेदाने निषिद्ध मानले आहे, तेव्हा वामकुक्षी म्हणजे दहा-पंधरा मिनिटे डाव्या कुशीवर टेकणे, डोळा लागू न देता. डाव्या बाजूलाच का, याचे उत्तर शरीररचनेत आहे: जठराचा फुगीर भाग डावीकडे असल्यामुळे त्या कुशीवर आम्ल खाली राहते आणि अन्ननलिकेचे तोंड त्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर हे उलटे होते. रात्री जळजळ होणाऱ्यांनी झोपतानाही डावी कूसच धरावी आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्या तर मान आणि पोट दुमडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो.

ऋतूचाही विचार करावा. पावसाळ्यात अग्नी मंद असतो, तेव्हा जेवणाआधी आल्याची पातळ चकती सैंधव लावून खाणे जडपणा होणाऱ्यांना मानवते. जळजळ होणाऱ्यांनी ती खाऊ नये. पुढे आश्विनातल्या उन्हात, म्हणजे शरदात, साठलेले पित्त उसळते, आणि नेमके तेव्हाच नवरात्राचे उपवास येतात. दिवसभर रिकामे पोट, मधे मधे चहा, आणि संध्याकाळी शेंगदाणे-बटाटे घातलेली साबुदाण्याची खिचडी, यापेक्षा आम्लपित्ताला अधिक पोषक काही नसेल. ज्यांना त्रास आहे त्यांनी वरी, जिला इथे मोरधन म्हणतात, राजगिरा, दुधी, केळे आणि भिजवलेल्या काळ्या मनुका यांवर उपवास करावा, दर तीन-चार तासांनी थोडे खावे, आणि चहा जमेल तितका सोडावा. दुधी, पडवळ, कोहळा, मूग आणि जुना तांदूळ या रोजच्या जेवणातल्या पथ्यकर गोष्टी. उडीद, कुळीथ, तीळ, आंबवलेले पदार्थ, मद्य आणि तंबाखू या अपथ्यकर.

दुकानातली चूर्णे

अविपत्तिकर चूर्ण आम्लपित्तावर फार विकले जाते आणि ते योग्यही आहे, परंतु त्याची घडण जाणून घ्यावी. सुंठ, मिरे, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, विडलवण, वावडिंग, वेलची आणि तमालपत्र ही अकरा द्रव्ये एकेक भाग, त्या सर्वांइतकी म्हणजे ११ भाग लवंग, या २२ भागांच्या दुप्पट ४४ भाग निशोत्तर हे रेचक मूळ, आणि आतापर्यंतच्या ६६ भागांइतकीच साखर. म्हणजे निम्मे चूर्ण साखरेचे आणि एक तृतीयांश रेचकाचे. मधुमेहींनी, गर्भवतींनी आणि जुलाब होत असलेल्यांनी ते स्वतःहून घेऊ नये, आणि इतरांनीही महिनोन्‌महिने चालू ठेवू नये.

हिंग्वष्टक हे याच्या अगदी विरुद्ध टोकाचे. हिंग, सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, दोन्ही जिरी आणि सैंधव यांचे हे उष्ण चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर तुपात कालवून घ्यायचे असते. पोट फुगणे आणि भूक न लागणे यांवर ते उत्तम, आणि जळजळीवर त्रासदायक. ज्येष्ठमध घशाच्या आणि छातीच्या दाहाला शमवते, मात्र जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. शंखभस्मासारखी क्षारीय औषधे थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी करतात, म्हणून दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवावे. सूतशेखर रसात पारा, बचनाग आणि धोतऱ्याचे बी शोधन करून घातलेले असते. शेजारणीला गुण आला म्हणून आपण आणावे असे ते औषध नाही. डॉक्टरांनी दिलेली आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर तीही चूर्ण सुरू केले म्हणून एकाएकी बंद करू नये, कारण अशाने काही दिवस आम्ल उलट जोराने वाढते.

घरी थांबू नये अशी लक्षणे

छातीत दुखणे किंवा दाब डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत पसरत असेल, सोबत घाम, धाप किंवा घाबरल्यासारखे होत असेल, तर ती ॲसिडिटी समजून लाह्यांची पेज करीत बसू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. मधुमेही आणि वयस्क माणसांत हृदयविकाराचे दुखणे नुसत्या मळमळीसारखेही जाणवते. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडणे, शौचाला डांबरासारखे काळे होणे, घास गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, दिसणे, पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू होणे, आणि पथ्य पाळूनही दोन आठवड्यांत फरक न पडणे, यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी लागते का ते डॉक्टरांना विचारावे. जठरात हेलिकोबॅक्टर नावाचे जंतू घर करून राहिले असतील तर त्यांवर ठरावीक प्रतिजैविकांचा उपचार घ्यावा लागतो.

वैद्यांकडे किंवा डॉक्टरांकडे जाताना पंधरा दिवसांचा कागद सोबत न्यावा. कोणत्या वेळी काय खाल्ले, किती वाजता झोपलो, त्रास किती वाजता झाला, ढेकर कसा होता, आणि इतर कोणकोणत्या गोळ्या घेतल्या, एवढे पुरे. आमच्या वैद्यांनी दिरांनाही असा कागद लिहायला लावला. पुण्याहून त्यांनी तो फोनवर वाचून दाखवला तेव्हा सराफ्याची रात्र वैद्यांनी बाजूला ठेवली, कारण पुढच्या पंधरा दिवसांतही सात दिवस जळजळ होती, आणि त्या सातही दिवसांच्या ओळीत सकाळी, चहाबरोबर, कंबरदुखीची एक वेदनाशामक गोळी होती. ती पोटासाठी नव्हती म्हणून तोपर्यंत त्यांनी तिचा उल्लेख कुणाजवळच केला नव्हता. त्यांच्या डॉक्टरांनी ती बदलली आणि उपाशीपोटी घेण्याचे बंद केले.